गुलामाच्या हाती लेखणी

प्राचीन रोममध्ये धनिकांची मुले शाळेला निघाली, की त्यांच्याबरोबर घरचा एखादा गुलाम असे. तो मुलाच्या वर्तनावर लक्ष ठेवी व त्याला सुखरूप घरी आणी. शाळेत अक्षरे शिकविणारा शिक्षकही पुष्कळदा गुलाम किंवा मुक्त झालेला गुलामच असे. ज्याचा स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, तो धन्याच्या मुलांना विद्या देत होता!

रोमन कायद्याने गुलाम ही धन्याची मालमत्ता होती. मग त्याला कोणी का शिकवावे? त्या काळी मुद्रणकला नव्हती. ग्रंथाची प्रत्येक प्रत हातानेच लिहावी लागे. शिवाय हिशेब, पत्रे व करारपत्रे लिहिण्यास माणसे हवी असत. शिकलेल्या गुलामाला बाजारात किंमतही अधिक येई. इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकातील धनाढ्य क्रॅसस आपल्या गुलामांना वाचक, लेखनिक व कारभारी करण्यासाठी शिक्षण देई आणि त्यावर जातीने देखरेख ठेवी. त्याच्याही पूर्वी केटो नावाच्या मुत्सद्द्याच्या घरी चिलो हा विद्वान गुलाम होता. तो पुष्कळ मुलांना शिकवी. तथापि स्वतःच्या मुलाला केटोने स्वतःच शिकविले. कारण एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी मुलाने गुलामाचे ऋणी व्हावे, हे त्याला रुचेना. गुलामाची विद्या हवी. पण तिचे ऋण नको!

ही विद्याही मोजक्याच गुलामांना मिळे. शेतांवर आणि खाणींत राबणाऱ्या असंख्य गुलामांना अक्षरओळख होण्याचा संभव फार थोडा होता. स्वतंत्र प्रजेतही बहुसंख्य लोक निरक्षरच होते. तरीही सामान्यांना लेखनाची ओढ होतीच. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीच्या भिंतींवर लोकांनी कोरलेली नावे, निरोप व थट्टेचे बोल आजही वाचता येतात.

धन्याने आपल्या लाभासाठी दिलेली विद्या मात्र धन्याच्या मालकीची राहिली नाही. एपिक्टेटस हा याचा थोर दाखला होय. त्याचा जन्म आजच्या तुर्कस्तानातील हायरापोलिस येथे इ. स. ५०च्या सुमारास झाला. तो पायाने अधू होता. रोममध्ये गुलाम असतानाच त्याला म्युसोनियस रूफस या तत्त्वज्ञाकडे शिकण्याची संधी मिळाली. पुढे तो मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हद्दपार केले, तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे पाठशाळा काढली. ज्याचे मन स्वाधीन आहे तोच खरा स्वतंत्र, ही त्याची शिकवण होती. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याची प्रवचने एरियन या शिष्याने लिहून ठेवली. पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसच्या हाती ती पडली. ती आपणास वाचावयास दिल्याबद्दल त्याने आपल्या गुरूचे आभार मानले आहेत.

केटोने गुलामाचे ऋण टाळले. रोमच्या सम्राटाने ते आनंदाने शिरी घेतले. देह विकत घेता येतो. परंतु ज्ञानाला धनी नसतो.

शब्दार्थ
लेखनिक – लिहिण्याचे काम करणारा. जातीने – स्वतः. स्वाधीन – स्वतःच्या ताब्यात असलेला.

प्रश्न
१. रोममधील धनिक आपल्या गुलामांना शिक्षण का देत?
२. केटो व मार्कस ऑरेलियस यांच्या वृत्तींतील फरक सांगा.
३. ‘ज्ञानाला धनी नसतो’ हे विधान एपिक्टेटसच्या चरित्राच्या आधारे स्पष्ट करा.