फ्रीजरच्या दाराची ढिली बिजागरी

आमच्या कारागीर बांधवांपैकी बरेच जण फ्रीज दुरुस्ती म्हटले की फक्त कॉम्प्रेसर आणि गॅस यांचाच विचार करतात. दाराच्या बिजागरीकडे कोणी बघत नाही. तिला दुरुस्तीचा मान नाही आणि तिच्यात पैसाही दिसत नाही. पण ही बिजागरी ढिली झाली की चांगला फ्रीज कसा बिघडल्यासारखा वागू लागतो आणि गिऱ्हाइकाचा पैसा कसा फुकट जातो, हे आम्ही गेल्या उन्हाळ्यात उचगावात पाहिले. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव, कोल्हापूर शहराला पूर्वेकडून अगदी चिकटलेले. एका बाजूला गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ, दुसऱ्या बाजूला पुणे-बंगळूर महामार्ग. गावातील बरीच तरुण मुले गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात, आणि घरातल्या बाया घरबसल्या काही ना काही करून संसाराला हातभार लावतात. अशाच एका ओळखीच्या घरी दोन दारांच्या फ्रीजमध्ये कुल्फी गोठवून विकण्याचा धंदा चालतो. वरचे दार फ्रीजरचे, खालचे भाजी-दुधाचे. एप्रिलमध्ये कुल्फी नीट गोठेना. भाभींनी मेकॅनिक बोलावला. त्याने फ्रीजला कान लावला, मागे हात फिरवला आणि गॅस गेल्याचे सांगून तीन हजारांचा आकडा टाकला. कुल्फीच्या धंद्यात तीन हजार रुपये म्हणजे किती दिवसांची कमाई, हे धंदा करणाऱ्यालाच कळते.

“चाचा, गॅस भरायच्या आधी तुम्ही एकदा नजर टाकता का?” असे भाभींनी विचारले म्हणून आम्ही गेलो. फ्रीजच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर हात ठेवला तर पत्रा चांगला गरम. आमची शंका येथूनच सुरू झाली. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये गरम गॅसची नळी बाजूच्या पत्र्यामागून फिरवलेली असते. गॅस गळून गेला असेल तर कॉम्प्रेसर चालूनही हा पत्रा जवळपास थंडच राहतो. येथे पत्रा गरम होता, म्हणजे गॅस फिरत होता, आणि कॉम्प्रेसर न थांबता राबत होता. मग थंडी जात कोठे होती?

फ्रीजर उघडला तर दाराच्या कडेला पांढरा भुसभुशीत बर्फ साचलेला. बाहेरची दमट हवा आत शिरत असल्याची ही खूण. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ही दमट हवा मागच्या पडद्याआड असलेल्या गारव्याच्या जाळीपर्यंत जाते, तेथे बर्फ होऊन जाळी बुजवते आणि पंख्याची हवा पुढे सरकेनाशी होते. वर कुल्फी मऊ, खाली दूध नासलेले, आणि लाइट बिल मात्र वाढलेले. गिऱ्हाइकाला वाटते गॅस गेला. घाईत असलेल्या मेकॅनिकलाही तेच वाटते. त्याची नियत वाईटच होती असे आम्ही म्हणणार नाही, पण त्याने दार एकदा हलवून पाहायला हवे होते.

आम्ही दहाची नोट दारात धरली आणि दार लावले. बिजागरीच्या बाजूला नोट ओढताना अडली, पण मुठीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात ती लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. ही परीक्षा चारही बाजूंनी, हात-हातभर अंतरावर करावी. जेथे नोट सैल निघते तेथे दाराचे रबर टेकत नाही. त्यानंतर समोर उभे राहून दोन्ही दारांमधली फट पाहिली. ती एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम सुतळीएवढी होती. दार मुठीच्या बाजूने खाली लोंबले होते. रबराचा यात काही दोष नव्हता.

दार का लोंबते, हे नीट समजून घेतले पाहिजे. दोन दारांच्या फ्रीजला तीन बिजागऱ्या असतात. सर्वांत वरची डोक्यावर, प्लास्टिकच्या टोपणाखाली. मधली दोन्ही दारांच्या मध्ये. खालची पायाशी. फ्रीजरच्या दाराचे सारे वजन मधल्या बिजागरीच्या पिनवर बसते, आणि वरची बिजागरी त्या दाराला पुढे कलू न देता धरून ठेवते. दाराचे वजन पिनपासून लांब, मुठीकडे असते. त्यामुळे वरच्या बिजागरीचे बोल्ट जरा ढिले झाले, किंवा मधल्या पिनवरचा नायलॉनचा बुश झिजला, की दाराचा मोकळा कोपरा खाली येतो. दारातच भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर आणखी लवकर. बकरी ईदला आमच्या घरांत फ्रीजर गळ्यापर्यंत भरतो आणि दार लागत नाही म्हणून पोरे ते गुडघ्याने रेटून लावतात, तेव्हा तर बिजागरीचे हालच.

आता दुरुस्ती. फ्रीजचा पिन प्लगमधून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. दारातल्या बाटल्या, बर्फाचे ट्रे काढावेत. डोक्यावरचे टोपण एखाद्या स्क्रूने किंवा नुसत्या खटक्याने बसवलेले असते. डिसमिसने ते हळूच उचलावे. काही मॉडेलमध्ये दारावरच्या दिव्यांची वायर वरच्या बिजागरीतूनच जाते, ती न पाहता दार ओढले तर एका दुरुस्तीच्या दोन होतात. टोपण निघाले की बोल्ट दिसतात, बहुधा ८ किंवा १० नंबरच्या पान्याचे. काही कंपन्या चौफुली डिसमिसचे स्क्रू वापरतात. हात लावण्याआधी बिजागरीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून घ्यावी, म्हणजे जुनी जागा हरवत नाही.

बोल्ट नुसते ढिले असतील तर काम पाच मिनिटांचे आहे. ते अर्धा फेरा आणखी सैल करावेत, दोन दारांमध्ये मुठीच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी सरकवून दार योग्य उंचीवर टेकवावे, दुसऱ्या माणसाला दार दाबून धरायला सांगावे आणि मग बोल्ट आवळावेत. एकट्याने हे काम करू नये. एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने पाना, असे करणाऱ्याची बिजागरी महिन्याभरात पुन्हा ढिली होते. आवळल्यावर पुठ्ठा काढून पुन्हा नोट लावून पाहावी.

भाभींच्या फ्रीजमध्ये मात्र बोल्ट आवळूनही दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसत होते. म्हणून वरची बिजागरी सोडवून दार वर उचलले आणि बाजूला भिंतीशी ठेवले. मधली पिन साफ होती, पण तिच्यावरचा बुश एका बाजूने खाऊन अंडाकृती झाला होता. कंपनीचा सुटा बुश मिळत असेल तर तोच आणावा. मिळाला नाही म्हणून गिऱ्हाइकाला नवीन दार किंवा नवीन फ्रीज घ्यायला सांगणे मात्र आम्हांला पटत नाही. कोल्हापूरसारख्या लेथच्या गावात तरी नाही. शिवाजी उद्यमनगरात नायलॉनच्या दांड्यातून असा बुश कातून देणारा टर्नर सहज सापडतो. नेताना जुना बुश आणि पिनचे व्हर्नियरने घेतलेले माप दोन्ही न्यावे. पिन ८ मिलिमीटरची असेल तर भोक त्याहून थोडेसेच मोठे, ०.२ मिलिमीटरइतके, ठेवायला सांगावे. अगदी घट्ट ठेवले तर दार जड चालते आणि पिन बुशला सोबत फिरवू लागते. काही दारांच्या बुशला खालून उतरता खाचा असतो, त्यामुळे अर्धवट लावलेले दार स्वतःहून मिटते. असा बुश असेल तर तो खाचा झिजला आहे का पाहावे आणि तेथे साधा गोल बुश बसवू नये. झीज थोडी असेल तर पिनवर नायलॉनचा एक पातळ वायसर घालूनही दार उचलले जाते. भाभींचे काम शेवटी बुश आणि एक वायसर यांवर निभावले.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो बोल्टच्या भोकातले आटे गेल्यावर. बोल्ट फिरत राहतो, आवळत नाही. अशा वेळी कारागिराचा हात आपोआप ड्रिल मशीनकडे जातो, आणि येथेच आम्ही सर्वांना थांबवू इच्छितो. बऱ्याच फ्रीजमध्ये दाराच्या चौकटीच्या कडेने, आणि दोन कप्प्यांमधल्या आडव्या पट्टीतूनही, गरम गॅसची बारीक नळी फिरवलेली असते. चौकटीवर पाणी सुटू नये म्हणून ती असते. मधली बिजागरी नेमकी त्याच पट्टीवर बसते. खोल गेलेले ड्रिल किंवा लांब स्क्रू त्या नळीत घुसला की फुस्स आवाज येतो आणि शंभर रुपयांच्या कामात अख्खा फ्रीज जातो. पत्रा आणि फोम यांच्या आत बुजलेली नळी पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते.

पूर्वीच्या फ्रीजमध्ये आर-१२ गॅस असे. ओझोनच्या थराला तो मारक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याच्यावर बंदीची वाट धरली, भारत १९९२ साली त्या करारात आला आणि २००३ पासून आपल्याकडे तो नव्या मालातून गेला. त्याच्या जागी आर-१३४ए आला, आणि आता अनेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचाच तो वायू, पेट घेणारा. कोणता गॅस आहे ते फ्रीजच्या पाठीवर किंवा आतल्या पाटीवर लिहिलेले असते. ती पाटी वाचल्याशिवाय ड्रिलला हात लावू नये. चुकून आवाज आलाच तर कोणतेही बटण दाबू नये, विडी-काडी पेटवू नये, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात.

आटे गेले असतील तर आधी त्याच लांबीचा, पण एक नंबर जाड, स्वतः आटे पाडणारा स्क्रू हाताने घालून पाहावा. बहुतेक वेळा पत्र्यामागच्या जाड पट्टीत तो पकड घेतो. तेवढ्याने झाले नाही तर रिव्हेट नट बसवता येतो, मात्र भोक मोठे करताना ड्रिलच्या टोकापासून पत्र्याच्या जाडीइतकेच अंतर सोडून चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे ड्रिल त्यापुढे गेलेले लगेच कळते. आणखी एक वाट अनेकांच्या लक्षात येत नाही. काही मॉडेलमध्ये दार दोन्ही बाजूंना उघडता येईल अशी सोय असते, आणि समोरच्या बाजूची भोके प्लास्टिकच्या बुचांनी झाकलेली असतात. एका बाजूचे आटे पूर्ण गेले तर बिजागऱ्या आणि मूठ त्या बाजूला हलवावी. तेथले आटे कोरे असतात. ही सोय सर्व फ्रीजना नसते, आधी बुचे काढून खात्री करावी.

खालच्या बिजागरीची गोष्ट वेगळी. तिला गंज खातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर परिसरातल्या कितीतरी घरांत फ्रीज पाण्यात उभे राहिले. यंत्र सुकवून चालू झाले, पण पायाशी असलेल्या बिजागरीत शिरलेला चिखल कोणी काढला नाही. आज दोन्ही दारे ढिली झालेला जुना फ्रीज दिसला की आम्ही आधी पुराचा आहे का विचारतो. जुन्या फ्रीजचा व्यापार करणाऱ्या बांधवांनी असा माल विकताना हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. रंग मारून गंज झाकणे म्हणजे ऐब लपवून माल विकणेच आहे. या बिजागरीचे काम करताना फ्रीज मागे कलवावा, आडवा पाडू नये. पाडावाच लागला तर उभा केल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल परत खाली बसते.

त्या २०२१ च्या दिवसांत बकरी ईद २१ जुलैला होती आणि लगेच पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक ठिकाणी वीज गेली. फ्रीजर नुकतेच भरलेले. भरलेला फ्रीजर दार न उघडता ठेवला तर वीज नसतानाही साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गार राहतो, पण दार चहूबाजूंनी टेकत असेल तरच. लोंबलेल्या दाराच्या फ्रीजरला हा हिशेब लागू नाही. ईदच्या आधी आठ दिवस घरातल्या फ्रीजरला नोटेची परीक्षा करावी असे आम्ही सांगतो ते यासाठी.

दुकानात असतात ते वरून झाकण उघडणारे डीप फ्रीजर. त्यांच्या बिजागरीत ताणलेली स्प्रिंग असते. झाकण बंद ठेवून तिचे स्क्रू काढले तर बिजागरी उसळून तोंडावर येते. झाकण पूर्ण उघडून, कोणाला तरी धरायला लावूनच ती सोडवावी. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधली फ्रीजरची प्लास्टिकची झडप मात्र खुंटी मोडली की बदलावीच. चिकटवलेली खुंटी थंडीत फार दिवस टिकत नाही असा आमचा अनुभव आहे.

मजुरीबद्दल थोडेसे. अशा कामाला येण्या-जाण्याचे, मजुरीचे आणि सुट्या भागाचे पैसे वेगवेगळे सांगावेत आणि जुना बुश गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. झिजलेली वस्तू डोळ्यांनी दिसली की मजुरी देताना कोणी कुरकुरत नाही. तपासणीचे पैसे घ्यायला आमचे कारागीर लाजतात, मग ते भरून काढायला नसलेला बिघाड सांगावा लागतो. दोष गॅसचा नाही, बिजागरीचा आहे, हे ओळखण्याचीच खरी मजुरी असते, ती उघडपणे मागावी.

भाभींचे दार बसवल्यावर फ्रीजचे पुढचे पाय फिरवून पुढची बाजू अगदी थोडी उंच केली, म्हणजे अर्धे उघडे दार आपोआप मिटते. घरात शहाबादी फरशी होती, एक पाय अधांतरी होता, त्याखाली पाणसळ लावून पत्र्याचा तुकडा सरकवला. रबराचा चेमटलेला कोपरा गरम पाण्याच्या फडक्याने शेकून हाताने सरळ केला. आत साचलेला बर्फ सुरीने न खरवडता, दार उघडे ठेवून रात्रभर वितळू दिला. सकाळी फ्रीज चालू केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाभींनी पोराच्या हाती आम्हांला एक कुल्फी पाठवली. ती कडक होती.