पुंगळीची लांबी

रायफलीच्या काडतुसाचे चार घटक असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडातील स्फोटक टोपी, दारू आणि गोळी. यांपैकी पुंगळी मागे उरते. तिच्या पितळात साधारणपणे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. दारू पेटताच पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीच्या भिंतीस चिकटते व वायूंना मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते.

पुण्याजवळील खडकी येथे १८६९ साली दारूगोळा कारखाना स्थापन झाला. अशा कारखान्यांतून होणाऱ्या पुंगळीचा आरंभ पितळी चकतीपासून होतो. चकतीची प्रथम वाटी करतात, आणि ती वाटी साच्यांतून वारंवार ओढली की तिची नळी होते. ओढल्याने पितळ कठीण होते. म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. नळीची कड मात्र वेडीवाकडी राहते. ती छाटल्यावरच पुंगळीला नेमकी लांबी लाभते.

ही लांबी कायम टिकत नाही. काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. फुगलेली पुंगळी मूळ आकारात आणण्यासाठी साच्यात दाबली, की पितळ तोंडाकडे सरकते आणि पुंगळी लांबते. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर असून ती ५०.९३ मिलिमीटरपर्यंत छाटण्याचा प्रघात आहे. हे अंतर केवळ पाव मिलिमीटरचे आहे. तरीही ते उपेक्षणीय नव्हे. मर्यादेबाहेर लांबलेल्या पुंगळीचे तोंड कोठीच्या पुढील कडेत आवळले जाते, गोळी मोकळी सुटत नाही आणि दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. म्हणून प्रत्येक पुंगळी कॅलिपरने मोजून छाटतात व तोंडाची आतील-बाहेरील धार मोडतात.

परंतु छाटलेले पितळ आले कोठून, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचा काही भाग बुडाच्या किंचित वरच्या भिंतीतून आलेला असतो. दर खेपेस ती भिंत ताणली जाऊन पातळ होते. पुढे तेथे बाहेरून चकचकीत कडे दिसू लागते आणि अखेर पुंगळी त्याच जागी तुटते. छाटणीने लांबी पूर्ववत होते, गेलेली जाडी परत येत नाही. असे कडे दिसलेली पुंगळी, तिची लांबी कितीही अचूक असली तरी, मोडीतच काढली पाहिजे.