कॉलर सोड, बिल धर

चि. बाळ,

अक्काचा फोन आल्यापासून जिवाला घोर लागलाय. क्लचच्या कामाला अठरा हजार सांगून बिल एक्केचाळीस हजारांचं दिलं, म्हणून तू काउंटरवरच्या पोराची कॉलर धरलीस म्हणे. आणि शनिवारी दोन मित्र घेऊन पुन्हा जाणार! खरं आहे का हे? आपल्या घराण्याचा राग तुला ठाऊक नाही का रे?

सूनबाईने बिलाचा फोटो पाठवला, तो भिंग लावून वाचला. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात उभा जन्म गेला माझा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही बदलली, त्यावर भांडू नकोस. गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला की शहाणा मेकॅनिक तिन्ही बदलूनच वर चढवतो. पण फ्लायव्हील? जुनं दाखवा म्हणावं. जळलं असेल तर निळे डाग दिसतील, चीर गेली असेल तर नख अडकेल. आणि ते इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन कशाला? घसरत होता क्लच, एसीने काय घोडं मारलं होतं? जॉबकार्डावर यातलं काय काय लिहिलंय? त्यांचा फोन आला तेव्हा कामाच्या गडबडीत ‘करून टाका’ म्हणाला नाहीस ना? नीट आठव. सगळी मेख तिथे आहे.

पैसे देत नाही, गाडी द्या, असं चालत नाही. 1872 च्या करार कायद्याने वाजवी मजुरी मिळेपर्यंत त्यांना गाडी अडवून ठेवता येते. तेव्हा बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरत आहे’ असं लिही आणि गाडी घरी आण. मग मॅनेजरला लेखी पत्र. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन, शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत असते, एवढ्या रकमेला फीही पडत नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये तुमच्या पुण्यातच ग्राहक पंचायत उभी केली. त्या गावात राहून तू मुठी वळतोस? हात उचललास की बिल राहील बाजूला आणि तूच आरोपी होशील.

दादांनी ट्रॅक्टरच्या बिलावरून मिस्त्रीच्या थोबाडीत दिली, तेव्हा तू पाळण्यात होतास. बिल खोटंच होतं. पण ते कोणी बघितलंच नाही, आणि दादा वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिले. त्या दिवशी ‘तुला यंत्रातलं कळतं, चल’ म्हणून त्यांनी मला निरोप धाडला होता. रजा मिळत होती रे. ओव्हरटाइमपायी गेलो नाही.

फार बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. गाडीचे हप्ते चालू असताना एक्केचाळीस हजार म्हणजे काय, ते मला कळतं. हात आखडला असेल तर सांग, पेन्शन कालच जमा झाली आहे. शनिवारी पहिल्या गाडीने निघतो, मला अर्धंच तिकीट पडतं. तोवर त्या दारात पाऊल टाकू नकोस. फ्लायव्हील मी बघतो, तू नुसता शेजारी उभा राहा. सूनबाईला स्वयंपाकाच्या खटपटीत पाडू नकोस, काकू धपाटे बांधून देतेय. लोण्याचा डबा तुझा एकट्याचा, असा तिचा निरोप आहे.

तुझा,
काका