काढलेली पिशवी जाते कुठे?

हिंगोली, परभणी, बीड या आमच्या भागात बाईने चाळिशी ओलांडली आणि अंगावरून जास्त जायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. बोललं गेलं ते विनाकारण काढलेल्या पिशव्यांबद्दल, आणि ते बोलायलाच हवं होतं. माझा प्रश्न मात्र दुसराच आहे. ज्यांच्या पिशव्या कारणाने काढल्या, त्या पुढे तपासल्या का कोणी?

माझी तपासली गेली ती धाकट्या जावेमुळे. ती आशाताई आहे. मी कळमनुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ४६व्या वर्षी पाळीचं तंत्र बिघडलं. पंधरा-पंधरा दिवस रक्त जायचं, मध्ये जरा थांबायचं, की पुन्हा सुरू. त्याच सुमारास पोट गच्च वाटायला लागलं. अर्ध्या भाकरीत पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. शाळेतल्या बाया म्हणाल्या, "पाळी जायची वेळ झाली, असंच व्हायलंय सगळ्यांना." पोटासाठी गॅसच्या गोळ्या, रक्तासाठी रक्त थांबायच्या गोळ्या. दोन तक्रारी, दोन पाकिटं. त्या एकाच बाईच्या एकाच ओटीपोटातल्या आहेत, हे एकत्र मांडून कोणी पाहिलं नाही.

सोनोग्राफीत पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं आणि डाव्या अंडाशयावर मोठी गाठ. डॉक्टर म्हणाले, पाण्याची गाठ वाटते, पिशवीबरोबर काढून टाकू. क्युरेटिंग करून अस्तराचा नमुना तपासला नाही, सीए-१२५ ही रक्ताची तपासणीही झाली नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठ छेदातून बाहेर येईना, म्हणून ती पोटातच फोडून रिकामी केली. डिस्चार्ज कार्डावर त्याची एक ओळ होती. ती ओळ किती महाग पडली, ते पुढे येईलच.

काउंटरवर आमच्या यांना विचारलं, "काढलेलं तपासायला पाठवायचं का? पैसे वेगळे पडतील." हे गोंधळले. जाऊ मध्येच म्हणाली, "भाऊजी, पाठवायचंच. बरणी मी नेते नांदेडला." आणि तिने ती खरोखरच एसटीने मांडीवर ठेवून नेली.

म्हणून पहिलं सांगणं बरणीचंच. बाईच्या पोटातून काढलेलं काहीही असो, ते हिस्टोपॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे. बरणीत फॉर्मेलिन हवं; पाणी किंवा सलाइन चालत नाही. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं वेगवेगळ्या बरण्यांत, डावं-उजवं लिहून, नाव-तारखेसकट. ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना लांबून दाखवलं म्हणजे तपासलं, असं होत नाही. माझा रिपोर्ट आला तेव्हा कागद एक आणि कॅन्सर दोन होते: पिशवीच्या अस्तरात एक आणि डाव्या अंडाशयात एक. अंडाशयाची बरणी गेली नसती तर निम्मा आजार आमच्या हिशोबातच आला नसता.

ओळखीतल्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, पिशवीचा कॅन्सर अंडाशयात पसरला, म्हणजे तिसरी पायरी. घरात रडारड सुरू झाली. पण या जोडआजारात पायरी ठरवणं इतकं सरळ नसतं. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण पाच जणींना त्याच वेळी अंडाशयातही गाठ सापडते. पुष्कळदा या बायका चाळिशी-पन्नाशीतल्या, पाळी अजून न गेलेल्या असतात. काहींचं वजन जास्त असतं, काहींना मूल झालेलं नसतं. दोन्हीकडचा कॅन्सर बहुधा एकाच जातीचा, एंडोमेट्रिऑइड, आणि सौम्य प्रतीचा असतो. आधी तज्ज्ञ याला दोन स्वतंत्र कॅन्सर म्हणत. २०१६च्या सुमारास दोन्ही गाठींची जनुकं तपासली, तेव्हा बहुतेकींत मूळ एकच निघालं. तरीही वागणूक पसरलेल्या कॅन्सरसारखी नाही. या बायका चांगल्या जगतात. म्हणून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०२३ साली त्यांना पहिल्या पायरीतच वेगळी जागा दिली. अटी अशा: गाठ एकाच अंडाशयात हवी, तिचं आवरण शाबूत हवं, पिशवीच्या भिंतीत आजार निम्म्यापेक्षा कमी खोल गेलेला हवा आणि भिंतीतल्या रक्तवाहिन्यांत फारसा शिरलेला नको.

माझ्या सगळ्या अटी जुळत होत्या. एक सोडून. आवरण शाबूत नव्हतं, कारण ते पोटात फोडलं होतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ती डिस्चार्ज कार्डावरची ओळ दोनदा वाचली आणि केमो लिहून दिली. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लाटिन, दर तीन आठवड्यांनी. केस गेले, बोटांना मुंग्या आल्या. त्या अजून पुऱ्या गेलेल्या नाहीत. फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटतो.

तेव्हा सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ आणि अंगावरून जाणं दोन्ही असेल तर ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा: अस्तराचा नमुना तपासला का? गाठ न फोडता काढणार का? संशय असेल तर कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवाल का? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांवर चिडत नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि आता मुंबईची जनशताब्दी थेट हिंगोलीहून सुटते. महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅन्सरला लागू आहे. पण ती योजनेत नोंदलेल्या हॉस्पिटलातच चालते, म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या. टाटासाठी परळला जाणाऱ्यांची स्वस्तात सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होते, जागा मिळाली तर.

जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्याच गाठीचा तुकडा. मोठ्या हॉस्पिटलात तो पुन्हा कापून पाहतात, आणि पायरी बदलते ती तिथेच. उन्हात गाडीच्या डिकीत मात्र तो ठेवू नका, मेण आहे ते.

शिबिराबद्दलही बोलायला हवं. आमच्याकडे आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या बायकांची तपासणी होते, ॲसिटिक ॲसिड लावून. ती पिशवीच्या तोंडाची तपासणी. उपयोगाची आहे, जरूर करा. पण "शिबिरात नॉर्मल आलं" म्हणून अंगावरून जाणं सहन करत बसू नका. आतलं अस्तर आणि अंडाशयं त्या तपासणीत दिसतच नाहीत. तक्रार नसलेल्या बायकांत अंडाशयाचा कॅन्सर आधीच शोधून जीव वाचवता येतो का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं पाहिलं. २०२१ साली उत्तर आलं: मृत्यू कमी झाले नाहीत. मग आपल्या हातात उरतात त्या तक्रारीच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं. आणि पिशवी काढली, अंडाशयं ठेवली असतील, तर पोट फुगणं हे दरवेळी गॅसवर ढकलायचं नाही.

टाटात आमच्या खानदानाबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं, आई पिशवीच्याच आजाराने गेली, मामा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने. डॉक्टरांनी लगेच ब्लॉकवर आणखी एक तपासणी लावली. पेशींतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात. माझ्या गाठीत त्यांतली दोन नव्हती. रक्ताच्या तपासणीत दोष पक्का झाला. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या मिशिगनचे पॅथॉलॉजिस्ट वॉर्थिन यांना १८९५ साली त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती पिशवीच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद १९१३ साली छापली. आपल्याकडे मात्र "घराण्याला शाप आहे" एवढ्यावरच बोलणं थांबतं आणि लग्न जमताना तर तेवढंही बोलत नाहीत.

हा दोष आई-बापांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला, मुलीला तो येण्याची शक्यता निम्मी असते. पुरुषालाही. त्याला पिशवी नसली तरी आतडं आहेच, आणि वेळेवर कोलोनोस्कोपी केली तर कॅन्सर होण्याआधीच कोंब काढता येतो. माझी बहीण रक्त देऊन आली. तिच्यात दोष निघाला नाही. भाऊ वसमतकडे हळद करतो. तो म्हणाला, "ताई, मला काय बायकांचं दुखणं होणार का?" मामाची आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, हळद निघू दे. हळद निघाली, शिजली, वाळली, मोंढ्यात विकली गेली. मग म्हणाला, पेरणी होऊ दे. आता मी त्याच्याशी बोलायचं सोडलंय. वहिनीशी बोलले. तिने मुलाची परीक्षा संपल्यानंतरचा सोमवार धरलाय, आणि भावाच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढून माझ्याकडे पाठवून दिलीय.