जाळी कार्डावर घेताना आधी बिलाची तारीख बघा



बंदीच्या दिवसांत ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "कार्डावर पन्नास दिवस व्याज नाही म्हणाले होते, मग एकवीस दिवसांतच पैसे कसे मागतात?" बँकेने फसवले असे वाटते, पण बहुतेक वेळा घोळ तारखेचा असतो.

प्रत्येक कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल निघायची, दुसरी पैसे भरायची शेवटची. समजा तुमचे बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि भरायला २० दिवस मिळतात. आता बघा:

🔹 १४ जुलैला जाळी घेतली. ती १५ जुलैच्याच बिलात आली. पैसे ४ ऑगस्टपर्यंत. मिळाले २१ दिवस.
🔹 तीच जाळी १६ जुलैला घेतली. ती १५ ऑगस्टच्या बिलात जाते. पैसे ४ सप्टेंबरपर्यंत. मिळाले ५० दिवस.

दोन दिवस थांबलात तर महिना वाढला. आणि आपल्यासाठी हा महिना साधा नाही. बंदी ३१ जुलैला संपते. ४ ऑगस्टला बोट जेमतेम पाण्यात गेलेली असते, दर्या खवळलेला असला तर तीही नाही. ४ सप्टेंबरपर्यंत हातात काहीतरी आलेले असते. म्हणून मोठी खरेदी बिल निघाल्यावर एक-दोन दिवसांनी करा.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. मे महिन्याच्या शेवटी जे कार्डावर घ्याल त्याचे पैसे ५ जुलैला भरायचे, म्हणजे ऐन बंदीत. ती रक्कम मे मध्येच बाजूला काढून ठेवा.

आता तीन चुका, ज्या महाग पडतात:

१) थोडी बाकी ठेवणे. ४०,००० च्या बिलातले ३८,००० भरले, "दोन हजारच राहिले" म्हणून सोडून दिले. पण मागची बाकी असली की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतच बंद होते. त्यानंतर ३०,००० ची जाळी घेतली तर घेतल्या दिवसापासून व्याज. महिना साडेतीन टक्के धरले तर एका महिन्याचे १,०५० रुपये.

२) फक्त 'मिनिमम' भरणे. त्याने दंड टळतो, व्याज टळत नाही.

३) कार्डाने एटीएममधून रोख काढणे. खलाशांना उचल द्यायला काही जण असे करतात. रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसते. त्याच दिवसापासून व्याज, वर वेगळी फी.

बिलाची तारीख अडचणीची असेल तर ती किमान एकदा बदलून घ्यायची सोय बँकेने द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कस्टमर केअरला फोन करून मागा.

आणि खरे सांगायचे तर, पूर्ण बिल भरता येईल याची खात्री नसेल तर जाळी कार्डावर घेऊच नका. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज जाते. तेवढे कमवायचे तर दर्यानेच मेहरबानी करायला हवी.

आज घरी जाऊन शेवटचे बिल काढा, दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा. समजले नाही तर बिल घेऊन ऑफिसात या, एकत्र बसून बघू. फक्त कार्डाचा पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही. 🙏

– सचिव