बेचकीवरचं विणकाम

आमच्याकडे येणारा नवा पाहुणा चहाचा कप हातात घेतो, समोरच्या भिंतीकडे बघतो आणि जरा चाचरत विचारतो, "ती केरसुणी मुद्दाम वर टांगलीय का?" पूर्वी मी सगळं समजावून सांगत बसायचे. पेरूच्या फांदीची बेचकी हा माग, तिला बांधलेली सुतळी हा ताणा, त्यातून आडवं ओवलेलं कुर्डू, लव्हाळं आणि माळावरचं गवत हा बाणा. हल्ली मी नुसतं "हो" म्हणते आणि बिस्किटं पुढे करते. विणकामाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. पुण्यात राहते, भोरकडे जाणंयेणं असतं आणि वाटेत काही दिसलं की गाडी थांबवायला लावते, एवढंच माझं भांडवल. या नादात जे समजत गेलं ते लिहून ठेवते आहे. तुमचा माळ वेगळा, गवत वेगळं, तेव्हा तुमची यादीही वेगळीच होईल.

१. चांगला माग बहुतेक वेळा कोणीतरी फेकून दिलेला असतो. मे महिन्यात रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते, मागोमाग वळीव येऊन राहिलेलं काम उरकतो आणि फाटकाशी फांद्यांचा ढीग पडतो. शहरात झाडाला मनाला येईल तशी कुऱ्हाड लावता येत नाही, १९७५ पासून त्यासाठी राज्याचा कायदा आहे. पण त्या ढिगामुळे तशी वेळच येत नाही. ढिगातून बेचकी निवडायची अक्कल मात्र लहानपणी गलोल केलेल्या माणसाकडे असते. पेरू, चिंच, बाभूळ यांची बेचकी ताण सोसते. शेवगा आणि पांगारा दिसायला गोंडस, पण दोरा जरा ओढला की मान टाकतात. निवडलेली बेचकी लगेच वापरायचीही सोय नसते. लाकूड वाळताना आकसतं, तिचे दोन हात जागचे हलतात आणि आज टणटणीत बांधलेला दोरा महिन्याभरात लोंबायला लागतो. म्हणून ती निवांत वाळू द्यायची. आमच्या पलंगाखाली सध्या इतक्या बेचक्या वाळत पडल्या आहेत की त्यात आमच्या गल्लीतली एक अख्खी पिढी गलोलीने सज्ज होईल. घरच्यांचं याबद्दलचं मत मी इथे देत नाही.

२. ताण्याला कोणी विचारत नाही. बघणाऱ्याची नजर कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यावर जाते. त्या तुऱ्याला धरून ठेवणारा दोरा कुणाला दिसतही नाही. मला स्वतःला तो दिसायला लागला बाजारात, पोळ्याच्या आधी. बैलांसाठी कासरे, दावी, वेसणी मांडलेल्या असतात. त्यात नायलॉनचे रंगीबेरंगी दोर जास्त आणि अंबाडीचे, घायपाताच्या वाखाचे कमी, आणि तेही कोपऱ्यात. वाख काढायचा म्हणजे घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, धुवायची. त्या कुजण्याचा वास एकदा घेतलेला माणूस दोराच्या किमतीवरून घासाघीस करत नाही. त्या वाखाला पीळ देऊन दोर वळणारे हात आपल्याकडे प्रामुख्याने मातंग समाजाचे. गावगाड्यातल्या प्रत्येक मोटेला, प्रत्येक बैलाला त्यांचा दोर लागला, आणि कारागिराचा मान मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. दोर ही किती मोठी गोष्ट आहे हे पाहायचं असेल तर मृणालिनी मुखर्जी यांच्या शिल्पांची छायाचित्रं पाहावीत. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकर्तीने माग न वापरता, नुसत्या हाताने गाठी मारमारून, रंगवलेल्या दोरांची माणसाहून उंच शिल्पं उभी केली. त्यांतल्या गाठी पाहिल्यापासून माझ्या सुतळीच्या गाठी मी निदान नीट तरी मारते.

३. ओलं गवत विणायला सोपं असतं, आणि तिथेच ते आपल्याला बनवतं. हिरवी पात हवी तशी वळते, वीण घट्ट दिसते, आपण स्वतःवर खूश. मग तिच्यातलं पाणी उडतं, पात निम्मी होते आणि भिंतीवर फटीच फटी. कोरडं ठणठणीत गवत घ्यावं तर वळताना कटकन मोडतं. यातला मधला मार्ग बुरुडांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: ते बांबूच्या कामट्या ओलावून घेतात. मीही गवत आधी सावलीत पुरतं वाळवते, विणायच्या आधी ओल्या पंचात गुंडाळून ठेवते, आणि विणताना दर चार ओळींनी जुन्या फणीने खाली दाबते. उन्हात वाळवलं तर रंग जातो. बाल्कनीत वाळवलं तर कबुतरं घरटी बांधायला नेतात. त्यांची निवड माझ्यापेक्षा चोखंदळ असते, एवढं इथे नमूद करते.

४. आपल्याला वाटतं, निसर्ग पावसाळ्यात उदार होतो. विणणाऱ्यापुरतं हे खोटं आहे. श्रावणात सगळा डोंगर हिरवा आणि माझ्या कामाचं त्यात जवळजवळ काही नाही, कारण सगळं रसाने भरलेलं. तेरड्याची जांभळी-गुलाबी रास बघून जीव खुळावतो, पण तो तोडल्यापासून घरी येईपर्यंत पिशवीत मेलेला असतो. माझा सुगीचा काळ पाऊस सरल्यावर येतो. अश्विनात कुर्डूचे तुरे टोकाला गुलाबी आणि खाली रुपेरी होतात. वाळले तरी तसेच राहतात. कार्तिकात गवत पिवळं पडतं. पुढे होळीच्या आसपास झाडांच्या शेंगा: शिरीषाच्या चपट्या, वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या, बहाव्याच्या हातभर लांब, काळ्या, सावरीच्या फुटून कापूस सांडणाऱ्या. आणि लोकांच्या लेखी ज्या महिन्यांत "डोंगरावर बघण्यासारखं काही नसतं" त्या महिन्यांत माझी पिशवी भरते. मराठी महिने मला शाळेत पाठ होते. ते उपयोगी पडतील असं कधी वाटलं नव्हतं.

५. वाळलेलं म्हणजे मेलेलं, ही समजूत कुसळाने घालवली. कुसळी गवत मोज्यात घुसून सगळ्यांनाच छळतं. मी त्याच्या काळसर-तपकिरी कुसळांचा गुंता एका लहान बेचकीवर विणला होता, केवळ रंग आवडला म्हणून. कोरड्या दिवसांत प्रत्येक कुसळाला मधोमध कोपरासारखा बाक असतो आणि खालचा भाग दोरासारखा पिळलेला असतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडून जवळून बघा. आधी काहीच होत नाही. मग पीळ उलगडायला लागतो आणि कुसळाचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं, पण डोळ्यांना दिसेल अशा वेगाने, फिरत जातं. सुकलं की पुन्हा पीळ. मूळ झाडापासून सुटलेलं बी याच फिरण्याच्या जोरावर स्वतःला मातीत रुतवतं. त्याला जिवंत असण्याची गरजच नाही, पाणी आत शिरण्या-निघण्यावर सगळं चालतं. पहिल्या पावसाच्या दमट हवेत आमच्या भिंतीवरची ती चौकट सगळीकडून हळूहळू वळवळायला लागली, तेव्हा घरकामाला येणाऱ्या मावशींनी त्या खोलीत झाडायला साफ नकार दिला.

६. भिंतीवर विणकाम टांगणं ही चैन आहे. भिंतच विणणं ही कला आहे. हे मला फार उशिरा उमगलं. कारवी सह्याद्रीत सगळीकडे असते, सात-आठ वर्षांनी एकदा निळ्याजांभळ्या फुलांनी पेटते आणि फुलून-फळून मरते. लोक फुलं बघायला जातात. पण तिची खरी ओळख तिच्या काठीत आहे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, सरळ, चिवट काठ्या. ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी पाड्यांत त्या काठ्या एकमेकींत गुंफून, बांधून घराचा कूड उभा करतात आणि त्यावर शेण-मातीचा गिलावा चढवतात. हवा खेळती राहते, कूड वजनाला हलका, मोडला तर तेवढाच बदलता येतो. ताणा आहे, बाणा आहे, आणि आत माणसं संसार करतात.

याच पाड्यांतली वारली चित्रं मी वर्षानुवर्षं पाहिली होती. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ती कागदावर आणि कापडावर आली, जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे आता चादरीवर, मगवर, रिक्षाच्या मागेही त्यांतला तारपा नाच रंगतो. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती आकृती मला ओळखता येत होती. त्या गेरूखालची भिंत विणलेली आहे, हे कधी विचारावंसंही वाटलं नाही. एका पाड्यावर पावसाने गिलावा सुटलेला एक कोपरा पाहिला. आत कारव्यांची वीण उघडी पडली होती, एकसारखी, कुठेही ढिली नाही. घरातल्या आजींना मी कौतुकाने म्हटलं, किती सुंदर! त्या ओशाळल्या. त्यांना वाटलं, भिंत लिंपायची राहिली म्हणून मी टोमणा मारते आहे.

७. "किती वर्षं टिकेल?" हा प्रश्न मला अजून जड जातो. खरं उत्तर असं की रंग वर्षाभरात उतरतो, आषाढात बुरशी येते, आणि फांदीत भुंगा शिरला की खाली पिठासारखा भुसा सांडायला लागतो. हे सांगताना मी ओशाळायचे. माझी मामी सावंतवाडीची. तिने एक मोठी चौकट बघितली आणि म्हणाली, "ही तर आमची माटवीच गो, उभी केलेली!" कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिला नारळ, सुपारीचे घोस, लालभडक कवंडळं, आंब्याचे टाळ, रानातल्या वेली आणि फुलं असं त्या दिवसांत रान जे देईल ते बांधतात. घरातली पोरं आदल्या दिवसांत रान पालथं घालतात. कुणाच्या माटवीला काय लागलं यावर वाडीत चर्चा होते. आणि दीड, पाच, सात, जेवढे दिवस गणपती तेवढंच तिचं आयुष्य. ती किती वर्षं टिकेल असं मामीला आजवर कुणी विचारलेलं नाही. तेव्हापासून मीही उतरवलेलं विणकाम कुंडीत घालते, दोरा सोडवून घेते आणि बेचकी पुन्हा कामाला लावते.

८. माळ रिकामा दिसतो, पण बेवारशी नसतो. गवत कुणाच्या तरी गुरांचा चारा असतं, डोंगरउतारावरची कुरणं कापून पेंढ्या विकल्या जातात. मी कुर्डू गोळा करत होते तेव्हा शेळ्या घेऊन आलेल्या एका आजीने बराच वेळ बघून घेतलं. मग म्हणाली, "कुर्डू कवळं आसताना भाजीला खुडायचं बाई. आता म्हातारं झाल्याव काय करती न्हिऊन?"

"भिंतीला लावणार, आजी."

"भिंत खाती व्हय?"

तिने नंतर चार चांगले तुरे स्वतःच तोडून दिले, वर बी झटकून जा असं बजावलं. तेवढा नियम मी पाळते: बी तिथेच झाडायचं, थोडं घ्यायचं, मुळं उपटायची नाहीत, मालक असेल तर विचारायचं. कास पठारासारख्या राखीव जागी तर काडीलाही हात लावायचा नाही. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि यादीत नसतं तरी तिथली फुलं आपल्या दिवाणखान्यासाठी नाहीत.

९. अनोळखी शेंगेला हात लावू नये. खाजकुइलीची मखमली शेंग ज्यांनी एकदा हाताळली ते हे वाचून आपोआप खाजवतील. गाजरगवताने कातडीवर चट्टे उठतात, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. बाकी सांगत नाही.

१०. कुठून सुरुवात करू, असं विचारणारे आता बरेच भेटतात. त्यांना मी घाणेरी दाखवते, म्हणजे टणटणी. अमेरिकेतलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं गेलं आणि पुढे देशभराची जंगलं त्याने व्यापली. त्याच्या दाटीत गवत उगवत नाही, पानं खाऊन गुरं आजारी पडतात. पण काठ्या लवचीक आहेत. कर्नाटकात महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक त्या उकळून, साल सोलून टोपल्या आणि खुर्च्या करतात. आपल्याकडे ती प्रत्येक रस्त्याकडेला, प्रत्येक पडीक प्लॉटवर आहे. जाड हातमोजे घाला, वनखात्याची हद्द टाळा, जागेच्या मालकाला सांगा आणि लागेल तेवढी तोडा. नको म्हणणारा मालक मला तरी अजून भेटलेला नाही.