डेटाचा मीटर काय मोजतो?

साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने प्रयोगाची चित्रफीत मोबाइलवरून सांगलीच्या मैत्रिणीला जशीच्या तशी पाठविली, असे समजा. चित्रफीत १४ कोटी ६० लाख बाइटची. पण कंपनीच्या हिशेबात भरले १५ कोटी बाइट! ही फसवणूक म्हणायची काय? उत्तर देण्यापूर्वी मीटर काय मोजतो आणि कोठे बसून मोजतो, ते पाहू.

प्रथम जुन्या दूरध्वनीचा हिशेब घ्या. ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., भारतात १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. एक्स्चेंजमध्ये ग्राहकाचा मीटर असे. बोलणे चालू असताना ठरावीक सेकंदांनी विजेचा एक स्पंद येई आणि मीटरचा आकडा एकाने पुढे सरके. अंतर जास्त, तर दोन स्पंदांमधील वेळ कमी. म्हणून साताऱ्याहून सांगलीपेक्षा दिल्लीशी बोलताना मीटर भरभर पळे. तुम्ही बोलता की गप्प बसता, याच्याशी त्याला कर्तव्य नसे.

इंटरनेटवर माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून जाते. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर कोठून आले, कोठे जायचे, कितवे, ही नोंद असते. ती म्हणजे हेडर. कंपनीच्या जाळ्याच्या प्रवेशद्वारावरील संगणक पत्त्यावरून ग्राहक ओळखतो आणि पॅकेटची लांबी त्याच्या खात्यात मिळवितो. टपाल कचेरीत पाकिटाचे वजन करण्यासाठी आतील पत्र वाचावे लागत नाही, तसेच हे. सांगली किती दूर, हा प्रश्न येथे उरत नाही.

आता गणित करू. पॅकेट १५०० बाइटचे व त्यातील हेडर ४० बाइटचे धरा. मजकुरास उरले १४६० बाइट. म्हणजे चित्रफितीची १ लाख पॅकेटे झाली. १ लाख गुणिले १५०० म्हणजे १५ कोटी. जास्तीचे ४० लाख बाइट हेडरचे! शिवाय प्रवेशद्वारावर मोजलेले पॅकेट पुढे हरवले, तर ते पुन्हा पाठवावे लागते. मीटर ते दोनदा मोजतो. मैत्रिणीच्या हाती मात्र एकदाच पडते.

तरीही मीटर चुकू शकतो. पाच आकड्यांचा मीटर ९९९९९ नंतर ००००० दाखवितो. संगणकातील ३२ बिटांचा मोजक असाच ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की शून्यावर येतो. सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे सव्वा कोटी बाइट वेगाने हा फेरा सुमारे ५ मिनिटे ४४ सेकंदांत पुरा होतो. आकडा दर दहा मिनिटांनी टिपला, तर एक अख्खा फेरा निसटेल! म्हणून वेगवान जाळ्यांत ६४ बिटांचे मोजक वापरतात. त्याच वेगाने त्यांचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे ४७ हजार वर्षे लागतील.

एक महिना मोबाइलमधील डेटाचा आकडा व कंपनीचा आकडा शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्हींची सुरुवातीची तारीख एकच ठेवा. एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट की १,०७,३७,४१,८२४, हेही तपासा. येथेच सात टक्क्यांचा फरक पडतो. इतके करूनही मोठी तफावत उरली, तर मग खुशाल कंपनीकडे हिशेब मागा. तो तुमचा हक्कच आहे.